अक्कानं सोडलेलं वांगं

अक्का,

तुझं तेरावं उरकलं, पाहुणे गेले, अंगणातल्या सतरंज्या उचलल्या, तरी माझे पाय एका जागी ठरत नाहीत. भाकरी तव्यावर टाकते आणि तुझ्या दाराकडे बघून येते. परत येईपर्यंत भाकरी करपलेली असते. परवा कपडे वाळत घालता घालता मध्येच टाकून शेताकडे निघाले. अर्ध्या वाटेवर आठवलं, शेतात आता काहीच काम नाही. जया म्हणते, "मम्मी, तू बस ना जरा." मी बसते, आणि बसलं की उठावंसं वाटतं. म्हणून आज हे लिहायला घेतलं. चौथीनंतर मी सहीशिवाय फार काही लिहिलेलं नाही. पण लिहायचं तर बसावंच लागतं.

नाना, तुझे घरधनी, म्हणतात, तुझा पाटणादेवीचा नवस राहून गेला आहे. तुझ्या तेराव्यालाच म्हणाले, सगळ्यांसमोर. मी, त्यांची लहानी, दारामागे उभी होते. "तिनं लहानीसाठीच बोलला होता. पोरासाठी, दुसरं काय असेल? आता ती गेली, नवस तसाच. लहानीनं जावं, देवीची माफी मागून यावं, म्हणजे हिला वाट मोकळी होईल."

सगळ्या माना हलल्या. माझीही हलली असेल.

तेव्हापासून हेच डोक्यात फिरतंय. माफी मागायला मी तयार आहे, तुझ्यासाठी काय, मी चालत जाईन. पण तू देवीकडे माझ्यासाठी मुलगाच मागितला होतास का? जया झाल्यापासून सोळा वर्षं जो येईल तो तेच मागत आला. सासूबाईंनी मागितला, माझ्या साक्रीच्या आत्यानं मागितला, भाजीवालीनंसुद्धा मागितला. एक तू होतीस जिनं कधी विषय काढला नाही. तूही त्यांच्यातलीच निघालीस तर मी कोणासाठी रडतेय, अक्का?

उठले. दूध बघून आले.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, मोठ्या जावेला अहो-जाहो करायचं. मी आठवडाभर केलं. मग हापशावर तू हंडा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "तू माले तुम्ही-बिम्ही म्हनू नको व माय. मी काय तुनी मास्तरीन शे?" मी मान हलवली. "मुंडी हालाडस नुसती. देवनी तोंड दिधं शे ना?" त्यावरही मी मानच हलवली, आणि तू हसत सुटलीस. हापशावरच्या सगळ्या बाया हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी येताना माझा हंडा तूच उचललास.

तेव्हापासून माझं बोलायचं काम तू घेतलंस. डॉक्टर मला विचारायचे, काय होतंय, आणि तू सांगायचीस, "हिले ताप शे, रातभर कण्हे." रेशनच्या दुकानात, बसमध्ये, जयाच्या शाळेत, तू पुढे आणि मी तुझ्या पदरामागे. जयाच्या बाईंना तर बरेच दिवस तूच तिची आई वाटायचीस. मला ते बरं वाटायचं. सावलीत उभं राहिल्यासारखं.

पाटणादेवीला गेलो ते परवाच्या सालच्या कार्तिकात. नाना सुरतेला तुझ्या मुलांकडे गेले होते. जया शाळेत. तू सकाळी दारात येऊन उभी. "चाल, पाटणादेवीले जाऊत. जासू जासू म्हनता म्हतारी व्हई जासू." चाळीसगावपर्यंत एस.टी., तिथून रिक्षा. जंगलाच्या नाक्यावर चित्रांची मोठी पाटी होती आणि तू मला ती वाचायला लावलीस. तू वाचत नव्हतीस, आणि मी वाचते याचं तुला फार कौतुक. मी हळू आवाजात एकेक वाचलं. बिबट्या. अस्वल. साळिंदर. खवल्या मांजर.

"हाई काय? मासा शे का मांजर?"

"माहीत नाही."

"लिखणारले तरी माहीत शे का?" नाक्यावरचा माणूसही हसला.

वाटेत ते काळ्या दगडाचं जुनं महादेवाचं देऊळ लागलं. तू खांबावरून हात फिरवत बसलीस. एवढा दगड कोरणाऱ्यांच्या भाकरी कोणी भाजल्या असतील, म्हणालीस. मग पायऱ्या चढून देवीला गेलो, ओटी भरली, मी हात जोडले, तू देवीशी नेहमीसारखी गप्पा मारल्यासारखी बोललीस. सांजेच्या आत जंगलाबाहेर पडायचं होतं. पण तुला ओढ्याकडे जायचंच होतं.

तिथं तो वनरक्षक भेटला. झाडाआड उभा होता. आपल्याला पाहून त्यानं ओठावर बोट ठेवलं. "ताई, बोलू नका. तिथंच उभ्या राहा."

वारुळापाशी ते होतं. मातकट, अंगभर रुपयाएवढे खवले, पुढच्या पायांच्या नख्यांनी माती उकरत होतं. इतक्या जवळून की माती उडताना दिसत होती. तुझ्या पायाखाली काडी मोडली. त्यानं एकदम डोकं शेपटीत खुपसलं आणि गोल झालं. नुसता खवल्यांचा गोळा.

तुला राहवलं नाही. तोंडावर पदर धरून मला ढोसलंस, "देख व, देख! हाई तर तूच शे. कोनी जरा बोलनं का आपलं गुंडाळी लिधं."

"आणि तू माकडीण," मी म्हणाले. तू इतकी हसलीस की खाली बसलीस, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी.

तो वनरक्षकही हसला. मग हळूच सांगू लागला. फार दुर्मीळ आहे, म्हणाला, बावीस वर्षं नोकरी केलेल्यांनाही दिसत नाही. "याला दात नसतात. घाबरलं की असंच करतं. बिबट्याला पण उकलता येत नाही. पण माणूस आला, की त्याला काही करावंच लागत नाही. आहे तसं उचलायचं आणि गोणीत टाकायचं."

तुझं हसू थांबलं. "मंग गोया व्हईसन फायदा काय?"

"माणसापुढं काही नाही, ताई." आणि म्हणाला, गावात कुणाला सांगू नका. बातमी गेली की गोण्या घेऊन लोक येतात.

आपण तिथं किती वेळ उभ्या राहिलो कोण जाणे. शेवटी त्या गोळ्यातून आधी नाक बाहेर आलं, मग एक डोळा. हुंगलं, आणि डुलत डुलत झुडपात गेलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू त्या झुडपाकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस.

"थांब आठेच. मी देवीले भेटी येस."

"आत्ताच तर भेटलो."

"काहीतरी ऱ्हायनं."

आणि तू त्या सगळ्या पायऱ्या पुन्हा चढलीस, दुखऱ्या गुडघ्यानं. खाली आलीस तेव्हा धाप लागली होती. "नवस बोलनू. वांगं सोडं."

खाली थांबलेल्या रिक्षावाल्यानं ते ऐकलं आणि त्याला हसू आवरेना. "मावशी, कार्तिकमा कोनी वांगं सोडस का? आतेच तर भरीतना दिन सुरू व्हयनात! साखर सोड, चहा सोड."

"साखर सोडीसन देवीले काय फरक पडी रे? जे सोडताना जीव जाई तेच सोडनं पडस."

खरंच जीव जाईल असंच होतं ते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना तुझ्यासारखी कुणी उकिडवी बसलेली मी पाहिली नाही. साल काळी पडून रस सुटला की तू डोळे मिटून वास घ्यायचीस.

एस.टी.त मी विचारलं, काय मागितलंस. तू म्हणालीस, नवस फिटायच्या आधी सांगायचा नसतो. मी पुन्हा विचारलं. तू खिडकीबाहेर. मग मी म्हणाले, आयुष्यात तुला इतकं लागेल असं मी कधी बोलले नव्हते, "तू बी आंडोर मागं ना मनासाठे? तुनं काय, तुले दोन पोरं शेतस."

तू वळलीस. माझ्याकडे पाहिलंस. "मी काय मागं, ते माले माहीत अन देवीले."

हे भांडण मिटलं नाही, अक्का. आपण बोलायचो, हसायचो, पापड एकत्र लाटायचो, पण दोन हिवाळे भरताच्या वासाला तू उठून अंगणात जायचीस, आणि तू उठलीस की माझ्या मनात तेच यायचं. मुलगा होईना, म्हणून ही वांगं खाईना. कधी वाटायचं, ओरडून सांगावं, खा गं बाई, मला नको आहे काही. नाही ओरडले.

तेराव्याला तुझं ताट वाढताना बाया म्हणाल्या, तिच्या आवडीचं भरीत वाढा. मी म्हणाले, सोडलेलं ताटात वाढत नाहीत. वाद झाला. तुझी बहीण म्हणाली, "अगं, आता कसली बंधनं?" पण मी वाढू दिलं नाही. तुझं ताट भरताशिवाय गेलं.

आता पुढे लिहवत नाही. जया हाक मारतेय.

*

मध्ये काही दिवस हे तसंच पडलं होतं. आज परत बसले. पाटणादेवीला जाऊन आले आहे. पण आधी त्याच्या आदल्या दिवशीचं सांगते.

मी पिशवी भरत होते. नारळ, खण, आणि दोन हिरवी वांगी. जया म्हणाली, "वांगी कशाला?"

मी म्हणाले, सोडलेलं वांगं देवीपुढं ठेवायचं, माफी मागायची. मग तुझ्या मोठी मायला वाट मोकळी होते.

"पण मोठी मायनी तर भरीत खाल्लं होतं ना."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. तेराव्याच्या दिवशी जयाचा दहावीचा पेपर होता. ताटाचा वाद तिच्या कानावर गेलाच नव्हता.

"कधी?"

"ते सोनगीरचे पाहुणे आले होते, त्या दिवशी."

तो दिवस मी विसरेन कशी? नानांनी जयासाठी स्थळ आणलं होतं. परीक्षा झाली की उरकून टाकू, म्हणत होते. ओसरीवर चार पुरुष, आमचे हे त्यांच्यातच मान खाली घालून बसलेले. मी आत चहा गाळत होते. तुझं तोंड त्या दिवशी बंद होतं. मी तुझ्याकडे पाहत राहिले, की आता बोलशील, नेहमीसारखी माझ्या वतीनं बोलशील. तू परातीतली कोथिंबीर निवडत बसलीस. एकेक काडी. मला तुझा इतका राग आला! मी गाळणी ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि ओसरीवर गेले. ज्या नानांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते त्यांच्यासमोर उभी राहिले. "जयाचं लग्न करायचं नाही. ती पुढे शिकणार आहे. पाहुण्यांनी चहा घ्यावा आणि माफ करावं." आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मग मी खोलीत जाऊन पडले. अंगात ताप भरल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत मी कुणाला तोंड दाखवलं नाही.

"तू झोपली होतीस," जया सांगत होती. "मोठी मायनी मला अंगणात नेलं. दोन वांगी आणली होती तिनं. मला म्हणाली, भाज. मी म्हटलं, तू तर खात नाहीस. तर म्हणाली, आता खाऊ शकते. इतकं खाल्लं मम्मी, ताट पुसून. आणि रडत होती. मला म्हणाली, मम्मीले सांगू नको, तुनी परीक्षा व्हई जाऊ दे, मंग तिघी जाऊत, तठेच सांगसू तिले."

जयाची परीक्षा संपायच्या आधीच तू गेलीस.

मी तिथंच चुलीपाशी बसले. बसले, आणि कितीतरी दिवसांनी उठावंसं वाटलं नाही.

तो खवल्यांचा गोळा, तुझं हसू थांबणं, त्या पायऱ्या. सगळं माझ्यासमोरच झालं होतं. मी मात्र दोन वर्षं त्यात मुलगा शोधत राहिले.

जयाला घेऊन गेले. जंगल ओळखू येईना. सागाची पानं गळून गेलेली, ओढ्यात पाणी नाही, नुसते गोटे. जया आधी पाटीपाशी थांबली आणि भराभर वाचून मोकळी झाली. मला त्या पाटीपुढे जरा उभं राहायचं होतं.

वर देवळात पुजाऱ्यानं विचारलं, "कोणाचा नवस?"

मागं बायांची रांग होती. पूर्वी असं काही विचारलं की माझी नजर तुझ्याकडे वळायची. त्या दिवशीही वळली. तिथं जया उभी होती.

"माझ्या जावेचा," मी म्हणाले. "ती गेली."

"काय बोलल्या होत्या?"

"मी बोलावं म्हणून."

पुजाऱ्याला वाटलं असेल, मी मुकी होते. मागची एक म्हातारी पुढे आली, माझ्या गालांवरून हात उतरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. "देवीनी वाचा दिधी व माय," म्हणाली. मी तिला काही समजावलं नाही. एका परीनं बरोबरच होतं तिचं.

वांगी देवीपुढं ठेवली. माफी मागितली नाही. कशाची मागू?

उतरताना तो वनरक्षक दिसला. त्यानं मला नाही ओळखलं, मग ओळखलं. "त्या बोलक्या ताई नाही आल्या?"

मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, जरा वेळ हातात धरली. मग मी ओढ्याच्या दिशेला पाहिलं. त्यालाही कळलं मी काय विचारते आहे.

"आहे," तो म्हणाला. एवढंच.

"काय आहे?" जयानं विचारलं.

"काही नाही. चल, रिक्षा निघून जाईल."

तिनं वाटभर खोदून खोदून विचारलं. मी नाही सांगितलं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून गाव तुला हसायचं. सुनेचं डोहाळजेवण ठरायच्या आधी तू वेशीपर्यंत सांगून आली होतीस. आणि या दोन गोष्टी तू पोटात ठेवल्यास, ते जनावर आणि तो नवस. मग माझ्यानं एक नाही का ठेवली जाणार?

संध्याकाळी अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी भाजली. नाना वास घेत दारात आले. तू गेल्यापासून ते आमच्या दाराकडे फारसे येत नाहीत. तिथूनच म्हणाले, भिंतीकडे बघत, "माफी मागितली का विचार तिला." जयाला सांगत होते.

जया काही बोलायच्या आत मीच बोलले. "माफी नाही मागितली, नाना. नवस फेडला. फिटलेला होता."

"म्हणजे? पोराचा..."

"पोराचा नव्हताच."

ते उभे राहिले. मला वाटलं रागावतील. राखेकडे बघत राहिले, मग खाली बसले, पायरीवरच. "ती त्या दिवशी पाहुणे गेल्यावर घरात नाचत होती," म्हणाले. "मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, इज्जत गेली आणि तू नाचतेस?" मी ताट वाढलं. पहिलं तुझं, चमचाभर तेल सोडून, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मग त्यांचं. त्यांनी निम्मं खाल्लं आणि उरलेलं तसंच धरून बसले.

तर असं झालं सगळं. तुला वाट मोकळी झाली असेल. माझ्या पायांना मात्र अजून चैन नाही, आणि त्याला कारण तूच. तू मला विचारलं नाहीस, अक्का. मला न विचारता माझ्यासाठी मागितलंस, आणि दोन हिवाळे मला जळू दिलंस. त्या दिवशी कोथिंबीर निवडत बसलीस, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस! यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे. चांगलं मोठ्यानं, हापशावर, सगळ्या बायांसमोर. काय काय म्हणायचं ते पाठ झालंय. आता एकही शब्द अडत नाही.

सकाळी हंडा घेऊन जाते आणि तुझ्या दारापाशी माझे पाय आपोआप हळू होतात. तू माझ्यासाठी तोंड मागून घेतलंस. त्याचं ऐकायला तुझे कान लागतील, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही?